आकृती दोनमधली रेघ

बिश्केक, १२ मार्च २०१९

वहिनी,

पत्र चुलीत घालण्याआधी एवढं वाचा: घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, आणि मला तुमच्याकडून काही नको आहे. म्हणजे हवं आहे, पण ते मायेचं काही नाही. कामाचं आहे.

नऊ वर्षं झाली. आईला पुरून आलो त्या दिवशी अंगणात तुम्ही माझी बाही धरलीत आणि म्हणालात, "आता तरी माझ्याकडे येशील ना?" आणि मी सगळ्या गावादेखत म्हणालो, "माझी आई एकच होती, तिला आत्ताच मातीत ठेवून आलोय. तुम्ही वहिनी आहात, वहिनीसारख्या राहा." ते शब्द मागे घ्यायला हे पत्र नाही. ते मागे घेता येतील असं मला वाटतही नाही. फोन केला असता, पण तुमचा आवाज ऐकला की मी ठेवून देणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून आपल्या तलासला जाणाऱ्या गाडीवाल्याबरोबर हे पाठवतोय.

माझ्या वॉर्डात तिलेक नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आहे, अत-बाशीचा. रक्त गोठवणाऱ्या पेशी जन्मापासून त्याच्या अंगात कमी, आणि ज्या आहेत त्या चिमुकल्या. शरीराची राखण करणारी फौजही दुबळी, त्यामुळे साधी सर्दी त्याला महिनाभर झोपवते. हा आजार मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. आई स्वतः ठणठणीत असते. सात वर्षांपूर्वी मी याच मुलावर निबंध लिहिला. परदेशातल्या मासिकात छापून आला, त्याच्या जोरावर मी प्रोफेसर झालो. त्यातलं नवं म्हणजे एवढंच, की या मुलाच्या आईच्या, बुरुलकानच्या, रक्तात दोष सापडत नाही. तिचं रक्त मी माझ्या हातांनी काढलं होतं. मग मी लिहिलं की दोष या मुलातच नव्याने उपजला, घराण्यात दुसऱ्या कोणात नाही. बुरुलकानच्या सुनेला, पेरिझातला, तोंडानेही सांगितलं, "तू तर बाहेरून आलेली. तुझ्या मुलांना कसलीच भीती नाही. खुशाल होऊ दे."

गेल्या आठवड्यात पेरिझात आठ महिन्यांचं बाळ घेऊन आली. एर्जान नाव. पोटऱ्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके, गालांवर खाजेचे पापुद्रे. तपासायची गरजच नव्हती, तरी तपासलं. तोच आजार.

माझ्या निबंधाप्रमाणे हे होऊच शकत नाही. होऊ शकतं ते एकाच वाटेने: तिलेक बुरुलकानचा नसून पेरिझातचा असेल. पहिला नातू, आपल्या रीतीने सासू-सासऱ्यांच्या ओटीत घातलेला. दाखल्यावर आई म्हणून बुरुलकानचं नाव आहे, आणि मी दाखला बघून लिहिलं. यात माझी चूक ती काय? जे सांगितलं गेलं ते मी लिहिलं.

आता मुद्दा. तिलेकला दुसऱ्याची अस्थिमज्जा मिळाली तरच तो जगेल. इस्तंबूलचा दवाखाना म्हणतो, पूर्ण जुळणारं सख्खं भावंड असेल तर लगेच घेऊन या, नसेल तर रांगेत थांबा. मी त्याची भावंडं तपासली होती, म्हणजे पेरिझातचा नवरा मक्सात आणि मक्सातच्या दोघी बहिणी. कोणीही पुरतं जुळलं नाही. पेरिझातला दहा वर्षांची मुलगी आहे, बेगाइम. तिला कधी तपासलंच नाही. माझ्या लेखी तिलेक तिचा काका होता.

मुलीचं रक्त घ्यायला घरच्यांची संमती लागते, आणि संमती मागायची म्हणजे प्रश्न विचारायचा. तुम्ही मला जन्म दिलात आणि चाळिसाव्या दिवशी सासूच्या मांडीवर ठेवलंत. हे आपल्या घरात कधी कोणी उच्चारलं नाही. आज लिहितोय, कारण माझ्या ओळखीत दुसरं कोणी नाही. सांगा: सुनेला हे कसं विचारायचं? तुम्हाला कोणी विचारलं असतं, तर काय ऐकून तुम्ही बोलला असता?

सागिन

बिश्केक, २५ मार्च २०१९

वहिनी,

उत्तर आलं नाही. पांढऱ्या घेवड्याची पिशवी आली. बायकोने भिजत घातलाय. प्रोफेसरला घेवडा खाऊन अक्कल येईल असं तुम्हाला वाटत असेल तर आभारी आहे.

मी धीर करून विचारलं, पण चुकीच्या बाईला. पेरिझात बाळाला घेऊन गावी परतली होती. वॉर्डात तिलेकजवळ बुरुलकान राहते, खाटेखाली गादी घालून. नूरूझच्या सणाची सुमुलुक, गव्हाच्या अंकुरांची गोड लापशी, घेऊन आली होती कुठूनतरी, सगळ्या पोरांना चमचा चमचा वाटत होती. तिला माझ्या खोलीत बोलावलं, चहा दिला, आणि म्हटलं, "बुरुलकान, तिलेक तुमच्या पोटचा का?"

तिने पियाला खाली ठेवला. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. रक्ताने सांगितलं."

"रक्ताला तोंड फुटलं होय? मग त्यालाच विचार, गोवर आला तेव्हा सतरा दिवस कोण जागं होतं. पहिला दात आला तेव्हा माझी छाती चावून रक्त काढलंय त्याने. दूध नव्हतं, पण मी दिली. तू विचारतोस कोणाच्या पोटचा!"

"मला फक्त बेगाइमचं रक्त तपासायचंय. थोडंसं."

"पुतणीचं कशाला? तूच म्हणालास सख्ख्या भावंडाचंच जुळतं. की तेव्हा खोटं बोललास?"

मग तिने झग्याआडच्या पिशवीतून एक गाठोडं काढलं. धुतलेलं पांढरं फडकं, आत माझा निबंध. बाराही पानं. मी सात वर्षांपूर्वी तिला भेट दिलेली प्रत, घडीवर चिरत आलेली. भाषा तिला येत नाही, पण आकृती दोन कुठे आहे ते तिला बरोबर माहीत आहे. घराण्याचा तक्ता: पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजारी तो काळा. तिने तिच्या गोलावर बोट ठेवलं आणि तिथून खाली काळ्या चौकोनापर्यंत रेघेवरून बोट फिरवलं.

"हे तू लिहिलंस. छापून आलं. दाखला तर कारकुनाकडून लिहून घेता येतो, मलाही ठाऊक आहे. पण हे तर परदेशातल्या डॉक्टरांनी वाचलंय. आता म्हणतोस पुसा?"

वहिनी, मला वाटायचं माझा निबंध जगात चाळीसएक लोकांनी वाचला असेल. तो एका बाईने सात वर्षं छातीशी धरला होता, आणि त्यातली एकमेव चूक हीच तिला त्यात हवी होती. तिने बजावलं, पुन्हा हा विषय काढलास तर मुलाला घेऊन गावी जाईन. ती नेईलही. मक्सात रशियात बांधकामावर आहे, त्याला फोन लावला तर म्हणाला, "आई म्हणेल तसं." चाळिशीकडे झुकलेला माणूस!

तिलेकच्या हिरड्यांतून रक्त येतंय. दिवसाआड रक्त गोठवणाऱ्या पेशी चढवतोय. पुरतात दोन दिवस.

काहीतरी लिहा. शिव्या लिहा.

सागिन

बिश्केक, ८ एप्रिल २०१९

वहिनी,

पहिल्या पत्रात लिहिलं की यात माझी चूक नाही. ते पत्र तुम्ही वाचलं असेल तर तेव्हाच ओळखलं असेल. लहानपणी दही सांडलं की मी असंच 'मांडी लागली, मी नाही' म्हणायचो, आणि तुम्ही काही न बोलता पुसून घ्यायचात.

सात वर्षांपूर्वी अत-बाशीला जाताना मी घराण्याच्या चौकशीचा कागद स्वतः तयार केला होता. त्यात अकरावा प्रश्न होता: मूल पोटचं की ओटीत घेतलेलं? कोणत्याही देशातला डॉक्टर तो विचारतो, विचारायलाच हवा. गाडीत बसण्याआधी मी तो प्रश्न खोडला. माझी सहायक म्हणाली, "सर, हा का काढताय?" मी म्हटलं, "आपल्याकडे हे विचारत नाहीत. चारचौघांत तोंडात मारल्यासारखं होतं." ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ती काय बोलणार?

एवढंच असतं तरी मी स्वतःला माफ केलं असतं. आपली रीत, असं म्हणून. पण त्या दिवशी मी पाहिलंही होतं.

तिलेक सात वर्षांचा होता. बुरुलकानच्या मांडीवर बसवून मी त्याचं रक्त काढत होतो आणि तो बोंब मारत होता. दाराबाहेर पेरिझात दुधाची बादली घेऊन चालली होती. ती थांबली. मुलगा ओरडला तसा तिचा हात बादलीसकट छातीशी आला, दूध हिंदकळून कोटावर सांडलं आणि तिला कळलंही नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी पाहतोय हे दिसताच मान खाली घालून गेली.

तो चेहरा मला पाठ होता. तुम्ही तसा चेहरा करायचात. मी झाडावरून पडलो तेव्हा, सैन्यात निघालो तेव्हा, लग्नात आईने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं तेव्हा तुम्ही दाराशी उभ्या होतात तसा. मी पेरिझातला ओळखलं, वहिनी. त्याच क्षणी ओळखलं. आणि मान वळवून नळीवर नाव लिहिलं. कारण तिला ओळखायचं तर तुम्हालाही ओळखावं लागलं असतं, आणि तुमच्याशी बोलणं बंद होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मी रागात होतो. तो राग मी एका मुलाच्या तक्त्यात भरला.

नंतर बुरुलकानच्या रक्तात दोष सापडला नाही तेव्हा मला आनंद झाला. खरं सांगतोय. प्रयोगशाळेत मी टाळी वाजवली. काहीतरी नवं सापडलं म्हणून! पेरिझातला मी माहेराबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं असतं तर कळलं असतं की तिचे दोन मावसभाऊ लहानपणीच नाकातून रक्त जाऊन वारले. हे मला परवा तिच्या गावच्या नर्सने फोनवर सांगितलं, सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

काल तिलेक माझ्या खोलीत आला. चालत आला, भिंतीला धरून. मला प्रोफेसरदादा म्हणतो. टेबलावर निबंध उघडा होता.

"हा काळा चौकोन मीच ना?"

"तूच."

"आणि हा गोल वहिनी?" पेरिझातला तो वहिनीच म्हणतो. "हिच्याकडून बेगाइमकडे रेघ आहे. माझ्याकडे नाही. तुमच्या पेनातली शाई संपली होती का दादा?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता, सुजलेल्या हिरड्यांनी.

"गावात सगळ्यांना माहीत आहे," म्हणाला. "आमच्या कुत्र्यालाही माहीत असेल. तुम्ही एवढे शिकलात आणि तुम्हालाच कसं नाही कळलं?" मग हळूच, "आईला सांगू नका हं मी असं बोललो. तिला वाईट वाटेल."

मी त्याला म्हटलं, जा, पडून राहा.

माझी ही सगळी पत्रं तुम्ही वाचता आहात की नाही, मला माहीत नाही. घेवडा संपला.

सागिन

बिश्केक, २३ एप्रिल २०१९

वहिनी,

तुम्ही अत-बाशीला गेलात.

तलासहून बिश्केक, बिश्केकहून नारिन, तिथून पुढे. घाटात अजून बर्फ आहे. वय बहात्तर, गुडघे तसे. माझ्या दारावरून गेलात आणि थांबला नाहीत. थांबायला मी काय ठेवलं होतं म्हणा.

मला हे कळलं परवा, पेरिझात बेगाइमचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी दिसली तेव्हा. सासूला न विचारता आली होती. लग्नानंतर पहिल्यांदा कोणाला न विचारता घराबाहेर पडले, म्हणाली. मी आधी मुलीचं रक्त घेतलं. पहिल्या टोचणीत शीर चुकली, तेव्हा बेगाइमच म्हणाली, "घाबरू नका, मला दुखत नाही." नमुना त्याच संध्याकाळी अल्माटीला पाठवला. तिथून दहा दिवस लागतात.

मग पेरिझात व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि बोलली. एवढं बोलणारी बाई आहे हे मला माहीत नव्हतं. मी लिहितो, म्हणजे तुम्हाला कळेल की माझ्यापर्यंत पोचलं.

"त्या आल्या त्या कोटही काढला नाही, आधी पीठ मागितलं. म्हणाल्या, बोरसोक तळू, मुलगी खाईल. आम्ही दोघी मळायला बसलो. पीठ मळताना खाली बघायचं असतं, ते बरं असतं. त्या म्हणाल्या, माझा थोरला डॉक्टर आहे. मी विचारलं, तुमच्याकडे राहतो का? म्हणाल्या, नाही, मला वहिनी म्हणतो."

ती पुढे सांगत राहिली.

"म्हणाल्या, सासूबाईंनी छाती फडक्याने घट्ट बांधून दिली होती, दूध आटावं म्हणून. पोर रडलं की मी अंगणाच्या टोकाला जाऊन घोडीचं दूध घुसळायची, पाठ करून. पाठ केली तरी झगा भिजायचाच. सासूबाई वाईट नव्हत्या, म्हणाल्या. त्यांची चार मुलं गेली होती. त्या पोराला त्या रात्रंदिवस अंगावर वागवायच्या, कोणाला रागवणार? एकदा तो तीन वर्षांचा असताना सगळे कुरणावर गेले होते. त्याला ताप. मी त्याच्याजवळ पडले आणि त्याच्या कानात सांगितलं मी कोण ते. तो झोपेत होता. नंतर वाटलं, बरं झालं झोपेत होता."

मी झोपेत नव्हतो, वहिनी.

मला वाटायचं ते मी स्वप्नात ऐकलं. आयुष्यभर मला त्या स्वप्नाचा राग होता. माझी आई होती, तिच्या दुलईला धुराचा वास यायचा, आणि कोणीतरी मला तिच्यापासून तोडू पाहत होतं. आता कळतंय कोण होतं ते आणि त्यात तोडण्याचं काही नव्हतं.

मी पेरिझातला विचारलं, "मग तू घरातून निघालीस कशी?"

"मी म्हटलं, सासूबाई मरतील हे ऐकून. तुमच्या वहिनींनी हात झटकले पिठाचे आणि म्हणाल्या, 'माझा निदान जिवंत आहे. तुझा मरेल. ऊठ.'"

बुरुलकानने त्या दोघींना वॉर्डाच्या दारात पाहिलं. ओरडली नाही. बेगाइमच्या दंडावरचा कापूस पाहिला आणि आत जाऊन तिलेकच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली. मुलाला घेऊन ती गेली नाही, हे खरं. पेरिझातशी मात्र बोलत नाही. तिलेक दोघींच्या मध्ये पडलाय आणि विनोद करतोय. "आई, वहिनी, तुम्ही दोघी रुसलात तर मला कोण जेवू घालणार, प्रोफेसर?"

दहा दिवस. मी इस्तंबूलला कागद पाठवून ठेवलेत. पहिल्यांदाच वाटतंय की काही होऊ शकेल. हे लिहितानाही भीती वाटते.

तुम्ही दमला असाल. गुडघ्याला गरम वाळूचा शेक द्या.

सागिन

बिश्केक, ३ मे २०१९

वहिनी,

परवा सकाळी तोंड धुताना तिलेक म्हणाला डोकं दुखतंय. अर्ध्या तासात बोलणं गेलं. मेंदूत रक्तस्राव. काल दुपारी दोन वाजता गेला.

आज सकाळी अल्माटीचा अहवाल आला. बेगाइम आणि तिलेक, दहापैकी दहा. मी तो तीनदा वाचला. मग खाली एर्जानचंही होतं, बाळाचा नमुनाही पाठवला होता. बेगाइम त्याच्याशी अर्धीच जुळते. तिची मज्जा जगात एकाच मुलाच्या उपयोगाची होती.

मार्चच्या बाराला मी तुम्हाला लिहीत होतो तेव्हा बेगाइम गावात शाळेत जात होती. एक नळी रक्त. मी मागितलं असतं, चोरून घेतलं असतं, शाळेत सगळ्या मुलांची तपासणी आहे असं खोटं सांगून घेतलं असतं, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तो इस्तंबूलला असता. मी सहा आठवडे पत्रं लिहिली. आणि त्याआधी सात वर्षं.

आता त्याला घेऊन अत-बाशीला निघतोय. अहवाल पेरिझातला दाखवायचा की नाही, मला कळत नाही. तुम्ही इथे असता तर विचारलं असतं.

सागिन

बिश्केक, १६ मे २०१९

वहिनी,

तुम्हाला ताप आहे असं गाडीवाल्याकडून कळलं. उतरला का? तुम्ही मयताला येऊ शकला नाहीत हे एका परीने बरंच झालं. तुम्हाला ते बघवलं नसतं.

अंगणात तंबू उभारला होता. तिलेकला आत डाव्या अंगाला ठेवलेलं. मी पुरुषांबरोबर ओरडत, हंबरडा फोडत अंगणात शिरलो, रीतीप्रमाणे. पण माझा आवाज रीतीचा नव्हता. आत बुरुलकान काळ्या कपड्यांत, भिंतीकडे तोंड करून, आईच्या जागी. शेजारी तिच्या मुली. ती गाऊन रडत होती: माझ्या पोटच्या शिंगरा, माझ्या उतारवयातल्या उजेडा. मला तिचा राग यावा असं फार वाटत होतं. आला नाही. चौदा वर्षं तिने त्याला जपलं, एक ओरखडा उठू दिला नाही अंगावर. माझी आईही माझ्यासाठी अशीच रडली असती.

पेरिझात सून. सून असल्यामुळे तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल आणि हातात किटली. येणाऱ्या प्रत्येकाला चहा, ब्रेड, लोणी. बाळ पाठीला बांधलेलं. तंबूच्या दारावरून ती जात-येत होती, सात-आठ पावलांवर तिचा मुलगा होता आणि तिला आत बसायला जागा नव्हती. मक्सात रशियाहून रात्रीच पोचला होता. तो रीतीप्रमाणे काठी टेकून भावांच्या रांगेत उभा होता. तोही तसाच, बाप असून भाऊ.

एक म्हातारा म्हणाला, "सूनबाई, चहा गार झालाय. दुसरा आण."

ती आत गेली, दुसरा घेऊन आली. आमच्या रांगेत ओतत ओतत माझ्यासमोर आली. वहिनी, मला सगळं माहीत होतं. त्या अंगणात माझ्याइतकं लेखी, तपासलेलं, दहापैकी दहा कोणालाच माहीत नव्हतं. मी उठून तिच्या हातातली किटली घ्यायला हवी होती. मी माझा पियाला पुढे केला. सवयीने. तिने ओतला. मी प्यायलो.

दफन झाल्यावर घोड्यांच्या तबेल्यामागे ती मला भेटली. तिने स्वतःच विचारलं, "जुळलं होतं का?"

मला खोटं बोलता आलं नाही. म्हटलं, "हो."

तिने मान हलवली. "मला वाटलंच होतं. नाकडोळे दोघांचे सारखेच." मग बाळाला पाठीवर वर सारलं आणि भांडी घासायला गेली.

परत आल्यावर मी मासिकाला लिहिलं: आकृती दोन चूक आहे, निष्कर्ष चूक आहे, दोष नवा नव्हता, निबंध मागे घ्या. संचालकांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "आपल्या घरातल्या गोष्टी जगाला कशाला? एका मुलाचा प्रश्न होता, तो मुलगा तर गेला." मी म्हटलं, त्याचा भाऊ आहे अजून. एर्जानसाठी आम्ही सगळ्या नोंदवह्यांत दाता शोधतोय. आपल्या रक्ताची माणसं त्यात थोडी. आशा आहे असं मी पेरिझातला सांगितलं. तुम्हाला सांगत नाही.

बुरुलकानला तिची प्रत परत मागायची माझी हिंमत नाही. ती तिच्याकडेच राहू दे.

आता माझं. त्या अंगणात उभा असताना मला सारखं एकच दिसत होतं. माझं हृदय दुबळं आहे, तुम्हाला माहीत आहे. ज्यांना मी दादा म्हणायचो तेही पन्नाशीत असेच गेले होते. तुमच्या आधी माझी वेळ आली, तर तंबूत भिंतीकडे तोंड करून कोण बसेल? आईची जागा रिकामी. बायको असेल, बहिणी असतील. आणि तुम्ही, घरातली थोरली सून, किटली घेऊन दारावरून फिरत असाल, आणि कोणीतरी म्हणेल चहा गार झालाय.

तुम्हाला हाक मारायला तो एक शब्द मला अजून लिहिता येत नाही. आत्ताही लिहून पाहिला, दोनदा, आणि कागद फाडला. चोपन्न वर्षांची जीभ आहे, वळत नाही. त्याबद्दल तुम्ही मला हवं ते म्हणा. पण त्या दिवशी कोणी तुमच्या हातात किटली दिली तर ती खाली ठेवा. आत जा. सगळ्यात वरच्या जागेवर बसा आणि तोंड भिंतीकडे करून, मी तीन वर्षांचा असताना, तापात, माझ्या कानात जे सांगितलंत, ते मोठ्याने म्हणा. कोणी अडवलं, 'तुम्ही तर वहिनी' म्हणालं, तर हे पत्र दाखवा.

सागिन